कागदावरचा आकडा

संधिवात म्हटले की मराठी घरात आजीचीच आठवण व्हावयाची. उसाच्या शेतात उमर घालविलेले तिचे गुडघे, थंडीच्या सकाळी जमिनीवरून उठताना तिने घेतलेले देवाचे नाव आणि उशाशी ठेवलेली तेलाची बाटली, हे चित्र मॉरिशसच्या मराठी खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचे आहे. त्यामुळे अशाच एका घरातील चार वर्षांची नात सकाळी पायऱ्या उतरावयास कुरकुर करू लागली, तेव्हा हा शब्द कोणाच्याही मनाला शिवला नाही. लहान मुलांना का कधी संधिवात होतो?

जुलै महिना होता. या बेटावरील हिवाळ्याचे दिवस. घरातून अंगणात उतरणाऱ्या पायऱ्या तीनच. परंतु पोर वरच्या पायरीवर उभी राही आणि "उचलून घे" म्हणून आजीकडे हात पसरी. दहा वाजेपर्यंत मात्र तीच मुलगी कोंबड्यांच्या मागे धावत असे. आजी म्हणे, "खेळताना पडली असेल. पोरे पडायचीच." डाव्या गुडघ्याला कोमट तेल लागू लागले. एका दवाखान्यात मुरगळल्याचे निदान होऊन पट्टीही बांधून झाली. मुलगी रडत नव्हती, ताप नव्हता. म्हणून दोन महिने तसेच गेले.

अखेर खरी गोष्ट लक्षात आली ती आजीच्याच. दोन्ही पाय सारखे मापून शिवलेली नवी विजार डाव्या पायावर आखूड दिसू लागली. आजीने शिवण उसवून पुन्हा मापले. शिवणीत चूक नव्हती. पायच लांब झाला होता.

मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरीणबाईंनी विजारीची हकीकत ऐकली आणि तिला तपासणीइतकेच महत्त्व दिले. सांध्याला दीर्घकाळ सूज राहिली म्हणजे तेथील रक्तपुरवठा वाढतो आणि लहान मुलाचे हाड त्या बाजूस अधिक वेगाने वाढते. सोळा वर्षांच्या आत सुरू झालेला, सहा आठवड्यांहून अधिक टिकलेला आणि ज्याचे दुसरे कारण सापडत नाही असा सांध्यांचा दाह, यालाच बालसंधिवात म्हणतात. रक्त तपासावयास गेले आणि नोव्हेंबरात एक कागद घरी आला.

त्या कागदावर दोन ओळी महत्त्वाच्या होत्या. 'ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर: निगेटिव्ह.' 'ए.एन.ए.: पॉझिटिव्ह, १:३२०.'

आजोबांनी चष्मा लावून तो कागद तीन वेळा वाचला. कागदांविषयी या घरात एक जुना धाक होता. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची दप्तरे जपून ठेवलेली आहेत. तेथून आजोबांनी आपल्या पणजोबांच्या नोंदीचा उतारा मिळविला होता. त्यावर क्रमांक होता, जहाजाचे नाव होते, उंची होती. आणि पणजोबांचे नाव मात्र कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले होते. चुकलेल्या त्या नावासकट मनुष्याने मळ्यावर जन्म काढला. तेव्हापासून कागदावर आकडा पडला की माणसाचे भवितव्य ठरून जाते, अशी आजोबांची समजूत होती. आता नातीच्या नावापुढे तीनशे वीस हा आकडा पडला होता. ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. आजीला 'पॉझिटिव्ह' हा शब्द चांगला वाटला होता; नवऱ्याचा चेहरा पाहून तीही गप्प झाली.

पुढच्या भेटीत आजोबांनी कागद टेबलावर ठेवला आणि विचारले, "डॉक्टरीणबाई, तीनशे वीस म्हणजे किती वाईट?"

त्या प्रश्नाचे उत्तर देण्यास बाईंनी पाऊण तास घेतला.

शरीरात शिरलेल्या जंतूंना ओळखून धरण्याकरिता रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. शरीर स्वतःवरच असे शस्त्र उचलणार नाही, असे जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी प्रतिपादिले होते. परंतु ओळखण्यात चूक होते आणि काही प्रतिपिंडे स्वतःच्याच पेशींना चिकटतात. ती स्वप्रतिपिंडे होत. मुलांच्या या रोगाचे वर्णन त्याहून जुने आहे. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील मुलांच्या रुग्णालयातील जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ साली बावीस मुलांच्या आजाराची हकीकत प्रसिद्ध करून हा रोग प्रौढांच्या रोगाहून वेगळा असावा असे सुचविले. ते वेगळेपण रक्तात दिसावयास मात्र पुढची कित्येक वर्षे जावी लागली. १९४० साली नॉर्वेचे एरिक वॉलर यांना आणि १९४८ साली अमेरिकेत हॅरी रोझ यांना जो घटक आढळला, तो ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर. प्रौढांच्या संधिवातात तो बहुतेकांच्या रक्तात सापडतो. मुलांत मात्र शंभरांतील सुमारे पाचांच्याच, आणि त्याही बहुधा वयात येऊ लागलेल्या मुली. म्हणून तो 'निगेटिव्ह' आला यावरून रोग नाही असे ठरत नाही. 'पॉझिटिव्ह' आला तरी तीन महिन्यांच्या अंतराने पुन्हा तपासल्यावाचून तो धरावयाचा नाही, असा नियम आहे.

दुसरी ओळ ए.एन.ए.ची, म्हणजे पेशीच्या केंद्रकाला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांची. काचेवर वाढविलेल्या पेशींवर रोग्याच्या रक्तातील द्रव सोडतात, त्यावर चमकणारा रंग लावतात आणि सूक्ष्मदर्शकातून पाहतात. प्रतिपिंडे असल्यास केंद्रके हिरवी उजळतात. जॉर्ज फ्रिऊ यांनी १९५७ साली ही चमकत्या रंगाची रीत या कामी लावली. मग तो द्रव पातळ करीत जावयाचे: चाळीस पट, ऐंशी पट, एकशे साठ पट, तीनशे वीस पट. ज्या पातळपणापर्यंत हिरवा उजेड दिसतो तो आकडा कागदावर येतो.

"म्हणजे रोग तीनशे वीस पट आहे, असे नव्हे?" आजोबांनी विचारले.

"मुळीच नव्हे. हा आकडा गुडघा किती सुजला हे सांगत नाही, आणि मुलगी बरी होईल की नाही हेही सांगत नाही."

१९९७ साली पंधरा प्रयोगशाळांनी मिळून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात निरोगी प्रौढांपैकी ३१.७ टक्के लोकांत १:४० ला आणि ५ टक्के लोकांत १:१६० ला ही प्रतिपिंडे आढळली होती. निरोगी मुलांतही ती सापडतात. ज्या डर्बनच्या बंदरात १८६० साली नाताळमधील गिरमिटियांचे पहिले जहाज लागले, त्याच शहरात १९९७ साली जगभरच्या तज्ज्ञांनी बालसंधिवाताची वर्गवारी सुधारली. २००१ साली कॅनडातील एडमंटन येथे ती पुन्हा दुरुस्त झाली. त्या वर्गवारीतही रोगाचा प्रकार ठरविण्याचा अधिकार ए.एन.ए.ला दिलेला नाही.

"मग हा कागद कशाला?" आजोबा जवळजवळ रागानेच म्हणाले.

"डोळ्यांकरिता," बाई म्हणाल्या.

लहान वयात थोड्या सांध्यांचा आजार जडलेल्या आणि ए.एन.ए. पॉझिटिव्ह असलेल्या मुलांत बुबुळाच्या आतल्या भागाचा दाह होण्याचा धोका अधिक असतो. त्यास युव्हिआयटिस म्हणतात. डोळे येतात तसे त्यात काही होत नाही. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, पाणी येत नाही. आणि आत मोतीबिंदू तयार होतो, डोळ्याचा दाब वाढतो, दृष्टी जाते. मुलाला ते सांगता येत नाही आणि आईला ते दिसत नाही. म्हणून अशा मुलाचे डोळे दर तीन महिन्यांनी स्लिट लॅम्प नावाच्या यंत्राखाली तपासावयाचे. पहिल्या चार वर्षांत तर यात खंड पडता कामा नये.

गुडघ्याचे काम सरळ होते. मुलीला गुंगी देऊन सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले, व्यायाम शिकविला. काही आठवड्यांत ती पायऱ्या एकटीच उतरू लागली. कठीण काम होते ते निरोगी दिसणाऱ्या डोळ्यांचे. डिसेंबरची तपासणी स्वच्छ, मार्चची स्वच्छ, जूनचीही स्वच्छ. दर वेळी आईची रजा, बसचा प्रवास, अर्ध्या दिवसाची रांग. आणि शेवटी "ठीक आहे" एवढे एकच वाक्य. चौथी तारीख सप्टेंबरात आली, तीही गणपतीच्या आदल्या आठवड्यात. घरात रंग लावण्याचे काम निघाले होते, मखराची तयारी व्हावयाची होती. आजी म्हणाली, "गुडघा बरा झाला. डोळे बघा कसे दुधासारखे पांढरे आहेत. पुढच्या महिन्यात जाऊ."

सून काही बोलली नाही; तिलाही ते पटत होते. आजोबांनी मात्र भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बोट दाखविले. तारखेभोवती त्यांनीच तांबड्या शाईचे वर्तुळ काढले होते. "मखर एक दिवस थांबेल," ते म्हणाले आणि नातीला घेऊन स्वतःच निघाले.

यंत्रातून प्रकाशाची बारीक रेघ मुलीच्या उजव्या डोळ्यात गेली. नेत्रतज्ज्ञ नेहमीपेक्षा अधिक वेळ पाहत राहिले. कौलातून पडलेल्या कवडशात धूलिकण तरंगताना दिसतात, तशा त्या रेघेत दाहाच्या पेशी तरंगत होत्या. गुडघा बरा असताना डोळ्यात आजार उभा राहिला होता. डोळा गुडघ्याच्या मागोमाग चालत नाही, हे बाईंनी आधीच सांगितले होते. अद्याप बुबुळ चिकटले नव्हते, मोतीबिंदू नव्हता, मुलीला फळ्यावरचे शेवटचे अक्षरही वाचता येत होते. दाह कमी करण्याचे आणि बाहुली मोठी ठेवण्याचे थेंब सुरू झाले. पुढे आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. हे औषध पुरले नाही तर त्यापुढचीही औषधे आज आहेत. त्या संध्याकाळी आजीने देवापुढे दिवा लावला आणि नातीचे तोंड दोन्ही हातांत धरून बराच वेळ त्या पांढऱ्या, निर्मळ डोळ्यांकडे पाहिले. तिला अजूनही त्यांत काही दिसत नव्हते.

आज ती मुलगी सहा वर्षांची आहे. रोग गेला असे कोणी म्हणत नाही. तो निजला आहे आणि दृष्टी शाबूत आहे. गेल्या २ नोव्हेंबरला आजोबा तिला पोर्ट लुईला आप्रवासी घाटावर घेऊन गेले. जहाजांतून उतरलेले लोक ज्या सोळा पायऱ्या चढून आले, त्या तिने एकीकडे उभी राहून मोठ्याने मोजल्या. एकही चुकली नाही. आजोबांना वाटले, पोर मोजते आहे म्हणजे तिला दिसते आहे.

घरच्या कपाटात पणजोबांच्या नोंदीचा उतारा आणि नातीच्या रक्ताचा कागद आता एकाच पाकिटात आहेत. सोबत डोळ्यांच्या तपासणीच्या तारखांची वही आहे. पुढची तारीख तांबड्या शाईने लिहिलेली आहे. गावात कोणाचे मूल सकाळी लंगडताना दिसले, तर "पडले असेल" असे म्हणून आजी आता पुढे जात नाही. ती थांबते आणि त्या मुलाच्या आईला विचारते, किती दिवस झाले?