वही आणि मुनीम

वऱ्हाडी शब्द टिपून ठेवण्याचा छंद आम्हांस फार दिवसांचा. अमरावतीस आम्ही, अकोल्यास आमचे एक स्नेही, असा दोघांचा हा प्रपंच. चिठ्ठ्यांचे खोके भरले तेव्हा एका विद्यार्थ्याने पोस्टग्रेसचा डेटाबेस सर्व्हर सुचविला. पण सर्व्हर म्हणजे मुनीम बसविलेली पेढी. त्यास अष्टौप्रहर जागे ठेवावे कोणी? आम्ही २००० साली निघालेला एसक्यूलाइट पत्करला. त्यास मुनीम नाही. सारी वही एका फायलीत. लिहिता लिहिता वीज गेली (आणि वऱ्हाडच्या उन्हाळ्यात ती जातेच!) तरी अर्धवट नोंद मागे राहत नाही. एका वेळी एकाच हाताने लिहावे, एवढीच अट. ती फाईल खिशात घालून आम्ही खुशाल अकोल्याच्या गाडीत बसत असू.

घोटाळा झाला तो आमच्याच हातून. एक प्रत स्नेह्यांकडे राहिली. महिनाभर त्यांनी तीत लिहिले, आम्ही आमच्या प्रतीत. आणि पुढे आम्ही आमची फाईल त्यांच्या फायलीवर उतरविली. त्यांच्या आईकडून तिच्या शेवटच्या आजारात टिपलेले शब्द त्यांत पुसले गेले.

वहीचा दोष नव्हता. दोन गावांहून लिहावयाचे, तर मुनीम प्रारंभीच ठेवावयास हवा होता. आता ठेवला आहे. स्नेही आम्हांस एका शब्दाने बोलले नाहीत. पेढीवर पहिल्या दिवशी त्यांनी आईचे, आठवले तेवढे, दोन शब्द लिहिले.