आखूड की लांब?

कोलोरॅडोतल्या जावयाला एल्क नावाच्या दांडग्या हरणाच्या शिकारीसाठी रायफल घ्यायची होती. माझा बंदुकीशी संबंध दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापुरता. पण सल्ला विचारल्यावर गप्प बसणारा सासरा अजून जन्मायचाय!

दुकानदाराने दोन काडतुसं मांडली. एक 1906 सालचं थर्टी-ऑट-सिक्स, लांब, सडपातळ. दुसरं 2001 सालचं शॉर्ट मॅग्नम, आखूड, गरगरीत, थेट माझ्या बांध्याचं! गोळी दोन्हींत एकाच जाडीची. पण बुटक्याचा वेग जास्त आणि खांद्याला दणकाही जास्त. मी अर्थातच बुटक्याची बाजू घेतली.

"बाबा, दणक्याच्या धास्तीनं माझा नेम चुकला, तर बिचारं जनावर जखमी होऊन तळमळत मरेल," जावई म्हणाला आणि त्याने लांबडंच घेतलं.

बुटक्यांचा पराभव झाला खरा. पण मुलगी चांगल्या घरी पडली, एवढं कळलं.