टीव्हीच्या खालची पट्टी

आम्ही टीव्हीत काम करतो असं सांगितलं की समोरचा माणूस आधी आमच्या तोंडाकडे बघतो, मग शर्टाकडे आणि शेवटी चपलांकडे. तिन्ही ठिकाणी त्याला टीव्ही सापडत नाही. मग तो विचारतो, "कुठल्या टीव्हीत?" आम्ही सांगतो, "गावच्याच. केबलवरच्या." त्यावर त्याचा चेहरा उजळतो. "अस्सं, केबलवाले होय! मग आमच्या दादीच्या टीव्हीला दोन दिवस चित्र नाही, तेवढं बघून जा की."

कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं चॅनेल आहे. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण उद्या पुन्हा त्याच रस्त्यांवरून मोटारसायकल न्यायची आहे. चॅनेल म्हणजे शिलाईच्या दुकानावरची एक खोली, एक कॅमेरा, दोन कॉम्प्युटर, वर सांगितलेली मोटारसायकल आणि आम्ही. हे 'आम्ही' मोठेपणाचं नाही, सोईचं आहे. सकाळी वार्ताहर, दुपारी कॅमेरामन, संध्याकाळी संपादक आणि महिनाअखेरीला जाहिरातीचे पैसे मागत फिरणारा, असे चार जण एकाच पगारात नांदतात. त्यांना एकवचनात कोंबणं बरं दिसत नाही.

आमच्या भागाला टीव्हीचं वेड लागलं ते आखातातल्या माणसांमुळे. ऐंशीच्या दशकात कुवेत-दुबईहून सुट्टीवर आलेल्या चाचांच्या सामानात अत्तराच्या बाटल्यांबरोबर व्हीसीआरही असायचा, आणि त्या रात्री अर्धा मोहल्ला त्यांच्या पडवीत. १९९१ साली आखाती युद्ध थेट टीव्हीवर दिसलं आणि पुढच्या काही वर्षांत केबलची तार नारळाच्या झाडांवरून, कौलांवरून घरोघरी पोचली. त्याच तारेत एक चॅनेल गावाचं स्वतःचं सुरू झालं. २०१२ नंतर टप्प्याटप्प्याने सेट-टॉप बॉक्स आले, आमच्या गावापर्यंत यायला आणखी चार-पाच वर्षं गेली. आता रिमोट दाबत गेलं तर शेकडो चॅनेलं लागतात, आणि त्या गर्दीत आम्ही कोपऱ्यात अंग चोरून उभे असतो.

तरी रात्री आठ वाजता लोक आम्हाला शोधून काढतात. कारण दिल्लीच्या चॅनेलवर सगळं जग दिसतं, पण आपल्या घरासमोरचं गटार दिसत नाही.

या नोकरीने आम्हाला शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे कॅमेरा माणसाला दोन इंच उंच करतो. एरवी कमरेत वाकलेले गृहस्थ कॅमेरा दिसताच ताठ होतात. माइक पुढे केला की काहीजण तो आइस्क्रीमसारखा तोंडाजवळ ओढतात, काहीजण त्यापासून विंचवासारखे लांब सरकतात. बोलणाऱ्याच्या पाठीमागे चार मुलं उभी असतातच, आणि त्यातला एक जण मोबाइल कानाला लावून घरी सांगत असतो, "अम्मी, टीव्ही लाव, मी दिसतोय!" बिचारी अम्मी भर दुपारी टीव्ही लावून बसते. तो दिसणार असतो रात्री आठला, तेही संपादक मेहरबान झाला तर.

उद्घाटनाची कात्री कधीच कापत नाही, हा दुसरा धडा. पाहुणे तीन तास उशिरा येतात, फीत ओढतात, कात्री नुसती चावते. शेवटी मागचा कार्यकर्ता दाताने फीत तोडतो आणि पाहुणे कॅमेऱ्याकडे बघून हसतात. वृक्षारोपणाचं त्याहून सोपं असतं. एका ठिकाणचा खड्डा आम्ही इतक्या पावसाळ्यांत इतक्या वेळा चित्रित केला आहे की त्याला आता आमची ओळख पटते. रोप दरवर्षी नवं, पाहुणे नवे, खड्डा तोच.

निकाहाच्या शूटिंगला गेलो की मात्र आमचा रुबाब कामी येत नाही. एका निकाहात नवरदेवाने 'कबूल है' इतक्या हळू म्हटलं की माइकलासुद्धा ऐकू गेलं नाही. त्याचा उत्साही मित्र ओरडला, "एक रिटेक घ्या ना!" काझीसाहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, गवाहांनी ऐकलंय. निकाहाला रिटेक नसतो. म्हणून तर आधी विचार करायचा असतो." मांडवात सर्वांत जोरात हसले ते वीस-वीस वर्षांचे जुने नवरे.

रमजानच्या आधी आम्ही पाककृतींचा कार्यक्रम करतो. घरातल्या बायका कॅमेऱ्यासमोर यायला तयार नसतात, पण त्यांची बिर्याणी यायला अगदी तयार असते. गेल्या वेळी एका खालांनी अट घातली, "तोंड दाखवायचं नाही. फक्त हात. पण पातेलं पूर्ण दिसलं पाहिजे." आम्ही कबूल झालो. त्या सांदणं करत होत्या. आम्ही विचारलं, "खाला, तांदळाचा रवा किती?" त्या म्हणाल्या, "घरात माणसं किती?" "साखर किती?" "ज्याला जितकं गोड लागतं तितकी." "नारळाचं दूध?" "पीठच सांगतं की." पीठ फुगायला चार तास लागले, कार्यक्रम दहा मिनिटांचा. मग वाट्या वाफेला लावल्या आणि झाकण काढताच कॅमेऱ्याच्या काचेवर अशी वाफ धरली की पडद्यावर नुसतं धुकं. तरीही प्रक्षेपण झाल्यावर त्यांच्या नणंदेचा दोह्याहून फोन आला, "भाभीच्या बांगड्या ओळखल्या!" आता आमच्या बातम्या यूट्यूबवरही जातात. इथे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा दुबईत साडेसहा आणि कुवेतमध्ये साडेपाच वाजलेले असतात. कामावरून सुटलेली माणसं खोलीवर बसून आपल्या गावचा एसटी स्टँड बघतात. एकाने लिहिलं होतं, "बातमी कमी दाखवा, पाऊस जास्त दाखवा."

आमच्या चॅनेलवरची सर्वांत जास्त बघितली जाणारी गोष्ट मात्र या सगळ्यात कुठेच नाही. ती म्हणजे पडद्याच्या तळाशी सरकत जाणारी पट्टी. नळाला पाणी किती वाजता, कुठल्या वाडीत लाइट जाणार, तपकिरी रंगाची गाभण गाय हरवली आहे, गणपती विसर्जनाला कुठला रस्ता बंद, आज इफ्तार किती वाजता, सगळं तिच्यावर येतं. लोक वर चाललेलं भाषण बघत नाहीत, खालचं वाचतात. वाढदिवसाच्या पट्टीला पैसे लागतात. मयतीची पट्टी मोफत. जनाजा जोहरनंतर की असरनंतर, किंवा अंत्ययात्रा किती वाजता, हे सांगायचे पैसे घ्यायचे नाहीत, असा मालकांचा पहिल्यापासून नियम आहे.

मात्र मयतीची पट्टी लावण्याआधी आम्ही त्या घरी फोन करतो. एकदा फोनवर कुणी एका बुजुर्गांच्या इंतकालची खबर दिली. नाव, पत्ता, दफनाची वेळ, सगळं व्यवस्थित. आम्ही त्यांच्या घरचा नंबर फिरवला. पलीकडून खणखणीत आवाज आला. आम्ही चाचरत म्हटलं, "चाचा, तुमच्या घरी काही वाईट बातमी...?" ते म्हणाले, "अजून तरी नाही. पण तुम्ही इतक्या आपुलकीने विचारताय, तर बसतो जरा." जागेच्या वादातून कुणीतरी खोडी काढली होती. चाचा पुढे सहा वर्षं जगले आणि प्रत्येक ईदला आम्हाला शीरखुर्मा पाजताना आठवण करून देत, "वेळ बदलली तर कळवीन."

खरी परीक्षा २९व्या रोजाला असते. असरपासून ऑफिसचा फोन वाजू लागतो. सगळे एकच विचारतात, पण प्रत्येकाचा चाँद वेगळा. शिंप्याला तो आज नको असतो, कारण अकरा कुर्त्यांना बटणं लावायची राहिलेली असतात. बांगडीवाल्यालाही एक रात्र जादा हवी असते. मटणवाल्याला आत्ताच कळायला हवं. मुलांना तर काल हवा होता. त्यात सौदीहून फोन येतो, "आमची ईद आज झालीसुद्धा, तुमचं काय अडलंय?" मगरीबनंतर गावातली निम्मी माणसं नदीकडच्या गच्चीवर चढतात. कोवळा चाँद पश्चिमेला थोडाच वेळ असतो, आणि नेमका तेवढाच वेळ तिथे ढग असतो. एकाला तो दिसतो, दहाजण त्याच्या बोटाकडे बघतात, आणि निघतो तो मोबाइलचा टॉवर.

एका वर्षी आठ वाजेपर्यंत सगळ्या मोबाइलांवर 'चाँद मुबारक' फिरू लागलं. कुणीतरी म्हणे कुठल्यातरी शहरात पाहिला. फोनवरून लोक आमच्यावर चिडले, "सगळीकडे जाहीर झालं, तुम्ही झोपलात काय?" आम्ही पट्टीवर एवढंच ठेवलं: 'चाँद कमिटीचा निर्णय आल्यावर कळवू.' साडेनऊला जामा मशिदीतून घोषणा झाली की चाँदची शहादत मिळालेली नाही, उद्या तिसावा रोजा. शिंप्याने खालून वर येऊन आम्हाला चहा पाजला. मटणवाला महिनाभर बोलला नाही.

लोकांना वाटतं यात काय मोठं, एक दिवस इकडे की तिकडे. पण एका दिवसाच्या घाईने काय होतं ते आम्ही २०२०च्या एप्रिलमध्ये पाहिलं. लॉकडाउन होतं. भाजी-फळांच्या गाड्यांना सकाळी थोडा वेळ परवानगी होती. एका सकाळी गावातल्या मोबाइलांवर एक व्हिडिओ आला. एक फळवाला फळांना थुंकी लावतोय, आणि खाली लिहिलेलं, 'आपल्याच गावातला, सावधान.' कुणाचं नाव नव्हतं. पण आमच्या गावात दाढी असलेले फळवाले चाचा एकच. तीन दिवस त्यांच्या गाडीजवळ माणूस फिरकला नाही. केळी काळी पडली. रमजान तोंडावर होता.

आम्ही तो व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावून पाहिला. आणि दिसलं काय? त्यातल्या माणसांच्या अंगात स्वेटर! आमच्या गावात डिसेंबरातसुद्धा स्वेटर घातलेल्या माणसाला लोक "बरं नाही का?" असं विचारतात. हा तर एप्रिल, हापूस पिकायचा महिना. मागे उभ्या रिक्षाचा नंबर परराज्यातला. आम्ही ते चित्र थांबवून बातमीत दाखवलं, स्वेटर आणि नंबर दोन्ही. त्यानंतर चाचांच्या घरी गेलो. ते कॅमेऱ्यासमोर बोलायला तयार होईनात. म्हणाले, "मी काय सांगू? माझ्यावर विश्वास असता तर सांगायची गरज पडली असती का?" तेव्हा आम्हाला सांदणांवाल्या खाला आठवल्या. आम्ही म्हटलं, "चाचा, तोंड नको. फक्त हात." आणि त्यांचे हात दाखवले. साबणाने धुतलेले, फळं एकेक करून पुसणारे, गाडीवर ओल्या गोणपाटाखाली नीट रचणारे. सगळी बातमी दीड मिनिटाची.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्यांनी निम्म्या गावाला पाढे शिकवले त्या शाळेतल्या निवृत्त बाई तोंडाला रुमाल बांधून गाडीसमोर उभ्या राहिल्या आणि नेहमीच्या कडक आवाजात म्हणाल्या, "केळी कशी दिली? एवढी महाग? काही लाज?" घासाघीस ऐकून डोळे पुसणारा फळवाला आम्ही त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला. बाईंनी दोन डझन घेतली, एक डझनाची गरज असताना. त्यांच्या मागे हळूहळू रांग लागली.

तो व्हिडिओ पुढे पाठवणारा एकजण आम्हाला नंतर भेटला. म्हणाला, "मी कुठे काय केलं? फक्त पुढे पाठवला." बातमी आली की आधी तिची शहानिशा करा, अजाणतेपणी कुणाचं नुकसान होऊ नये, ही शिकवण सूरह हुजुरातमधून आपल्याला केव्हाच मिळाली आहे. आमच्या धंद्यात मात्र ती शिकायला कुणी आलिम लागला नाही, जिना पुरला. पट्टीवर चुकीचं काही आलं तर माणूस सरळ जिना चढून वर येऊन आमची कॉलर धरू शकतो, हे आम्हालाही माहीत आहे आणि गावालाही. मोबाइलवरच्या मजकुराला जिना नसतो. तो कुठून आला आणि जाब कुणाला विचारायचा, काहीच कळत नाही.

म्हणून आता घरातल्या मुलांना आम्ही एवढंच शिकवतो. काही आलं की तीन गोष्टी विचारायच्या: कुठलं आहे, कधीचं आहे, आणि हे खोटं निघालं तर कुणाच्या दारात जाऊन विचारता येईल? तिसऱ्याचं उत्तर मिळालं नाही तर अंगठा उचलून घ्यायचा. आमची धाकटी यात इतकी पटाईत झाली आहे की परवा बेगमसाहेबांनी "आज भाजी छान झालीये" म्हटलं, तर ती शांतपणे म्हणाली, "अम्मी, आधी अब्बांना खाऊन बघू दे. मग पट्टी लावू."