अकरावं बोट

चाळिशी उलटली की माणसाला दोन गोष्टी लागतात, चष्मा आणि छंद. चष्म्याचा नंबर डॉक्टर काढून देतात, छंदाचा ज्याचा त्यालाच काढावा लागतो. आमच्या शाखेतले हेडकॅशियर बासरी शिकू लागले. कर्जविभागातल्या एकांनी गच्चीवर कबुतरं पाळली. (दोघांच्याही शेजाऱ्यांची खाती आमच्याकडेच आहेत, म्हणून जास्त बोलत नाही.) मी सुतारकाम धरलं. बी.कॉम.चा आणि रंध्याचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. अहो, बँकेत वीस वर्षं काढलेला माणूस संध्याकाळी घरी येतो तेव्हा दिवसभरात केलेली एकही वस्तू त्याला उचलून दाखवता येत नाही. पाट दाखवता येतो. वर त्यावर बसताही येतं.

पाट, चौरंग, चपलांची मांडणी, इथवर हातकरवत पुरते. पण आठ फुटी फळी उभी चिरायची म्हणजे अख्खा रविवार जातो आणि सोमवारी सही करताना हात आपोआप मागेपुढे होऊ लागतो. तेव्हा टेबलसॉ घ्यायची ठरली. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो : एक टेबल, त्याला मधे फट, फटीतून डोकावणारी गोल दातेरी चकती आणि पोटात मोटर. हातकरवतीत लाकूड पडून असतं आणि माणूस घामाघूम होतो. इथं करवत जागच्या जागी फिरते आणि लाकूड चालत जातं.

जालन्यात अशी वस्तू मिळायला अडचण नाही. ‘जालना, सोन्याचा पाळणा’ असं जुने लोक म्हणत. (सोन्याचा असल्यामुळे तो सुताराकडून करून घ्यायची वेळ कुणावर आली नसावी.) १ मे १९८१ ला आमचा जिल्हा झाला. बियाणं आणि लोखंडी सळया यांसाठी तो ओळखला जातो. गावाबाहेर भट्ट्यांत भंगार वितळतं आणि त्याच्या सळया होतात. अशा गावात दोन-अडीच हॉर्सपॉवरच्या मोटरचं कौतुक कोण करणार? दुकानदारानंही केलं नाही. त्यानं सरळ तीन वाटा दाखवल्या.

पहिली स्वस्तातली. हातात धरायची गोल करवत प्लायच्या टेबलाखाली उलटी टांगायची आणि चकती वर काढायची. बटण खिळ्याला दोरी बांधून दाबून ठेवायचं. निम्म्या महाराष्ट्राचं फर्निचर याच युक्तीवर उभं असावं. पण बंद करायची झाली तर टेबलाखाली वाकून दोरी सोडावी लागते. बोट चकतीजवळ असताना माणूस वाकतो, की काय करतो, हा विचार करून मी ती वाट सोडली. दुसरी बिडाची, तीन हॉर्सपॉवरची. चार माणसांनी उचलायची आणि पुन्हा कधी हलवायची नाही. तिसरी घडीच्या स्टँडवरची, दहा इंची चकतीची. काम झालं की पाय मिटून भिंतीला उभी राहते. किंमत चाळीस-पन्नास हजारांच्या पुढे. सणाचा अॅडव्हान्स एवढा मोठा नसतो, आणि असलाच तरी तो सणाला आधीच संपलेला असतो.

हा हिशेब चालू असताना काउंटरवर एक म्हातारे मिस्त्री आले. श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायचे होते. अंगठा मशीनवर ठेवला, मशीन घेईना. जन्मभर पटाशी धरलेला अंगठा, त्यावरच्या रेघा कधीच रंध्याबरोबर भुश्शात गेलेल्या. मी म्हणालो, “मामा, पहिलं बोट ठेवा.”

“ते कुठंय साहेब? ते वखारीत ऱ्हायलं.”

शेवटी डाव्या हाताच्या मधल्या बोटानं काम भागलं. पण त्या दिवसापासून मी माझी बोटं मोजू लागलो. पूर्वी अंगठेबहाद्दर म्हणजे अडाणी. आता मी पदवीधर असूनही अंगठा टेकल्याशिवाय बँकेचा कॉम्प्युटर मला आत घेत नाही. दहा बोटं हे माझं भांडवल, आणि त्याला कुणी जामीनदार नाही.

मामांना चहाला थांबवलं आणि मशीनचं विचारलं. ते म्हणाले, “मशीन कोणतीबी घ्या. आधी फळी कुठून येती आन् कुठं जाती ते सांगा.”

या प्रश्नाचं उत्तर एकाही दुकानदारानं मागितलं नव्हतं. माझी मागची खोली दहा बाय आठ. त्यातही २०१२-१३ च्या दुष्काळात घेतलेल्या पाण्याच्या दोन टाक्या अजून ठाण मांडून आहेत. जालन्यात टाकी काढून टाका म्हणणं म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्याला बाहेर काढा म्हणण्यासारखं. मशीन सव्वादोन फुटांचं, ते कुठंही मावेल. पण प्लायची शीट असते आठ बाय चार. कापण्याआधी ती चकतीच्या अलीकडे आठ फूट असते आणि कापल्यावर पलीकडे आठ फूट. म्हणजे सोळा फूट मोकळे, वर टेबल. दहा फुटांच्या खोलीत करवत मावते, लाकूड मावत नाही. एक लाखाच्या तिजोरीत दीड लाख ठेवायला सांगितल्यावर हेडकॅशियर जसे बघतात तसा मी त्या खोलीकडे बघत राहिलो.

मामा रविवारी घरी आले. दारातून शिरले ते थेट परसापर्यंत चालत गेले, परत आले आणि म्हणाले, “झालं की काम.” जुन्या घराची दारं एका रेषेत : ओसरीचं, माजघराचं, मागच्या खोलीचं, परसाचं. मशीन मागच्या खोलीत या रेषेवर मांडायचं. फळी माजघरातून येणार, चिरली जाणार आणि परसात निघणार. टाक्या जागच्या जागी. राहिली पूर्ण शीट. ती एकट्यानं लहान टेबलावर रेटायचीच नाही. प्लायच्या दुकानात सरकत्या टेबलाची मोठी मशीन असते, तिथंच दोन काप मारून आणायची. घरी फक्त माणसाला पेलेल असं लाकूड.

एवढं ठरल्यावर निवड आपोआप झाली. घडीची, दहा इंची. पण मामांनी दुकानात येऊन आधी चकतीची मागची बाजू पाहिली. तिथं चकतीच्या जाडीचं एक पोलादी पान उभं असतं, चकतीबरोबर वरखाली होणारं. ही म्हणजे पाचर. चिरलेलं लाकूड ताणामुळे पुन्हा मिटू बघतं आणि चकतीला मागून चावतं. मागचे दाते वर येत असतात, ते फळी उचलतात आणि चालवणाऱ्याच्या पोटावर फेकतात. दहा इंची चकतीच्या दात्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास. ३० डिसेंबर २०२३ ला आमच्या जालन्याहून मुंबईला जी वंदे भारत सुरू झाली, तिची बांधणीसुद्धा १८० चीच. तेव्हा ती पाचर काढायची नाही. पंचतंत्रात अर्धवट चिरलेल्या ओंडक्याची पाचर उपटणारं माकड आहे. त्याचं शेपूट अडकलं असं आम्हांला शाळेत सांगितलं. मूळ संस्कृतात शेपूट नाही, दुसरंच काही आहे, पण ते बँकेच्या कर्मचाऱ्यानं लिहू नये.

यंत्राच्या पुस्तिकेत पहिली कितीतरी पानं नुसती ‘सावधान’. समर्थांचं जन्मगाव जांब आमच्याच जिल्ह्यातलं. ते एकदाच ‘सावधान’ ऐकून बोहल्यावरून निघून गेले म्हणतात. मी ती सगळी पानं वाचूनही उभा राहिलो. ही म्हणाली, “अहो, निदान हातमोजे तरी घाला.” मामा घाईनं म्हणाले, “नको वहिनी, मोजा दात्यात गुतला की हात बी वढून नेतो.” सैल बाहीही चालत नाही. अमेरिकेत स्टीव्ह गॅस नावाच्या पेटंटच्या वकिलानं, जो पदार्थविज्ञानाचा डॉक्टरही आहे, १९९९ मध्ये एक युक्ती काढली. चकतीला कातडी लागली की वीज ते ओळखते आणि अॅल्युमिनियमचा ठोकळा दात्यांत घुसून सेकंदाच्या दोनशेव्या भागात चकती थांबवतो. चकती जाते, ठोकळा जातो, बोट राहतं. मामांना हे सांगितलं. ते बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले आणि म्हणाले, “चकती कितीला येती आता?” मी सांगितली. “स्वस्त हाय,” ते म्हणाले.

ते यंत्र आमच्या ऐपतीबाहेरचं. मामांनी त्याऐवजी शिसवीच्या तुकड्यातून एक काठी करून दिली, टोकाला खाच, हाताला मूठ. “माझं बोट शेवटच्या तुकड्यानं नेलं. जेवण झालं व्हतं, एकच तुकडा ऱ्हायला व्हता, आन् गार्ड आडवं येतं म्हणून काढून ठुलेलं. बारका तुकडा हातानं ढकलायचा नाही. हे तुमचं अकरावं बोट समजा. हे कापलं तर दुसरं करून देतो.”

मशीनला सोळा अँपिअरचा वेगळा प्लग घेतला. हिशेबाच्या सवयीनं मी पहिल्याच दिवशी एक शोध लावला : चकती प्रत्येक कापाला तीन मिलिमीटर लाकूड खाते. चार फूट रुंदीच्या दहा पट्ट्या काढा, नऊ कापांत सत्तावीस मिलिमीटर, म्हणजे इंचाच्या वर, भुसा. लाकडाला टी.डी.एस. लागतो हे आम्हांला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. मामांना सांगितलं तर म्हणाले, “साहेब, ते आधीच धरून माप घ्यायचं असतं.” सरकारही तेच म्हणतं.

पहिली मागणी घरातूनच आली, टाकीशेजारी घागरी ठेवायला घडवंची. लाकडं आली आहेत, काम सुरू आहे. माजघरात पाहुणे असले आणि आठ फुटी फळी त्यांच्यामधून हळूहळू पुढे सरकू लागली की ते पाय वर घेतात, बोलणं चालू ठेवतात. फक्त चहा आला की फळी थांबवावी लागते. हा नियम पुस्तिकेत नाही, हिचा आहे, आणि सध्या आमच्याकडे तोच सगळ्यांत कडक पाळला जातो.