बारीक माणसाची चरबी

अंगाने बारीक असलेल्या माणसाला शुगर निघाली की पुण्यात आधी आश्चर्य व्यक्त होतं आणि मग गोड खाण्यावरून कानउघाडणी होते. दोन्हींमागे समजूत एकच, की देहाचा खरा हिशेब वजनकाटाच सांगतो. पुण्याच्याच केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये या समजुतीला चक्क स्वतःचंच उदाहरण देऊन छेद दिला. ते आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. यात नवल काय, असं कुणी म्हणेल. युडकिन मॅरेथॉन धावणारे, तर याज्ञिकांची धाव, त्यांनीच मिस्कीलपणे नोंदवल्याप्रमाणे, रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी आत शिरण्यापुरती. शिवाय दोन माणसांवरून नियम बांधता येत नाही.

हरकत रास्त आहे, पण नवजात बाळ ना पर्वती चढतं, ना श्रीखंड खातं. याज्ञिकांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव त्या मानाने बरेच लहान होते. पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळपास तेवढीच. म्हणजे बारीक अंगात चरबी राखण्याची ही घडण गर्भातच सुरू होते. मग हे सारं आनुवंशिक का मानू नये? जनुकांचा वाटा असेलच, पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. गरोदरपणी ज्या मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी शरीर इन्सुलिनला जुमानत नसल्याची लक्षणं अधिक दिसली. हा संबंध आहे, कारणाचा पुरावा नव्हे. तरी शाकाहारी ताटात बी-१२ दुधादह्याखेरीज फारसं नसतं, हे आपल्याकडे विसरून चालणार नाही.

माझ्या मते खरा धोका पुढे आहे: गोड खाणाऱ्या जिभेवरचा दोष उचलून आईच्या माथी मारायचा. आईचं पोषण तिच्या बालपणापासून घडतं आणि त्यावर तिची एकटीची सत्ता कधीच नव्हती. त्याच गावांत २०१२ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात म्हणूनच गरोदरपणाची वाट पाहिली नाही. बी-१२ दिलं ते वयात येणाऱ्या मुलींना, आणि मुलांनाही.