पट्टीखालचा उजेड

मेस्त्रींनी स्टीलची पट्टी ब्लॉकवर धारेवर उभी ठेवली, मागून मोबाईलचा टॉर्च लावला आणि म्हणाले, "वाक आनि बघ." पट्टी आणि लोखंडाच्या मधून उजेडाची रेघ येत होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये ती सगळ्यात जाड होती. तिथला खड्डा मीच केला होता, एका रविवारी दुपारी, चाळीस मिनिटांत.

आमची जीप वडापची. गारगोटी ते कोल्हापूर, मुदाळ तिट्टा आणि बिद्रीवरून, ५० किलोमीटरच्या आसपास. माझी चार वर्षांची इंजिनिअरिंगची फी याच जीपने भरली. मी कॉम्प्युटर इंजिनिअर. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये कानस मारून चौकोनी जॉब करायचा होता, तो मी एका सिनिअरकडून तयार विकत घेतला होता. लोखंडाशी माझा संबंध एवढाच.

एप्रिलमध्ये मी घरून काम करत होतो. आप्पा म्हणाले, गाडी पाणी पितेय. रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू केलं तर पाण्यात बुडबुडे. ऑइलची पट्टी ओढली तर ऑइल चहाच्या रंगाचं. म्हणजे हेड गॅस्केट गेलं होतं. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, हवा दाबून दाबूनच इतकी तापवतात की डिझेल आपोआप पेटतं. तो सगळा दाब, शेजारचं पाणी आणि ऑइल, तिघांना एकमेकांपासून लांब ठेवायचं काम त्या एका पातळ गॅस्केटचं.

मेस्त्री जोतिबाच्या चैत्र यात्रेला गेले होते. मी म्हटलं, आप्पा, मी करतो. व्हिडिओ बघितले होते, मॅन्युअलची पीडीएफ होती. हेड उतरवलं, कोल्हापूरला फेसिंगला पाठवलं, ते सरळ होऊन आलं. राहिला ब्लॉक. त्यावर जुनं गॅस्केट करपून चिकटलेलं. सोमवारी सकाळी नऊला मीटिंग होती. मी ड्रिलला पॉलिश पेपरची चकती लावली आणि फिरवली. ब्लॉक आरशासारखा चमकायला लागला. आप्पांनी त्यावरून एकदा बोट फिरवलं, एका जागी थांबले, आणि काही न बोलता हात पुसला.

वीस दिवसांनी बिद्रीजवळ, भरल्या गाडीत, काटा लाल रेषेच्या वर गेला.

मेस्त्रींनी हेड पुन्हा उतरवलं. मला वाटलं आता शिव्या मिळणार. त्यांनी माझ्या हातात एक बोथट पाती आणि चिंध्या दिल्या. "आदी साफ कर. घान आसताना मोजायचं न्हाई."

पहिल्यांदा सिलिंडरमध्ये आणि पाण्या-ऑइलच्या प्रत्येक भोकात चिंध्या कोंबल्या. मागच्या वेळी मी हे केलंच नव्हतं. चकतीची पूड म्हणजे बारीक दगडच. तो ऑइलच्या वाटेने खाली जातो आणि बेअरिंग खातो. मग थिनर लावून थांबायचं, गॅस्केट मऊ होऊ द्यायचं, आणि पाती जवळजवळ आडवी धरून सरकवायची. पाती उभी झाली की लोखंडाला ओरखडा. मेस्त्री मध्येच माझं मनगट खाली दाबायचे, बोलायचे नाहीत.

चकती का नको, ते हाताने करताना कळलं. चकती मऊ जागी जास्त खाते, कडक जागी कमी. ती हातात धरून सपाट पृष्ठभाग मिळत नाही, मिळते ती चमक. कोडमध्ये चूक झाली तर मी मागच्या आवृत्तीवर जातो. इथे निघालेलं लोखंड परत येत नाही.

मग बोल्टची भोकं. टॅप हाताने फिरवून आटे साफ केले, हवा मारून आतलं पाणी-तेल उडवलं. तळ बंद असलेल्या भोकात तेल राहिलं तर बोल्ट आवळताना त्याला जायला जागा नसते. पान्याला वाटतं बोल्ट बसला, पण दाब गॅस्केटवर येतच नाही, कधी ब्लॉकच तडकतो.

तीन तासांनी शेवटची पुसणी झाली. तेव्हा ती पट्टी आली. लांबीत, रुंदीत, दोन्ही तिरक्या कोपऱ्यांत. फटीत फिलरची पानं घालून बघितली. मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.०५ मिलिमीटर, केसाहून कमी. माझ्या खड्ड्यात ०.१५चं पान आरामात गेलं.

पुढचं सगळं मोठं झालं. इंजिन पूर्ण खोललं. बेअरिंगवर बारीक ओरखडे निघाले, ती बदलली. ब्लॉक कोल्हापूरला उद्यमनगरात मशीनवर घासून आणला. पृष्ठभाग खाली गेला म्हणजे पिस्टन तेवढा जास्त वर येणार, म्हणून मेस्त्रींनी ते मोजून एक नंबर जाड गॅस्केट मागवलं. पैसे माझ्या पगारातून गेले, त्याचं काही नाही. पण जीप सतरा दिवस उभी राहिली. वडापला नंबर असतो. सकाळी साडेसहाची फेरी आप्पांची होती, कित्येक वर्षं. बँकेतल्या मॅडम, दोन शिक्षक, कोल्हापूरला दवाखान्यात जाणारी माणसं. सतरा दिवस कोण थांबणार? ती फेरी दुसऱ्याकडे गेली.

इंजिन बांधताना टॉर्क पाना मेस्त्रींनी माझ्याकडे दिला. मधून बाहेर, तीन टप्प्यांत. आप्पा बाजूला खुर्चीवर बसून आकडे वाचत होते. शेवटचा बोल्ट झाल्यावर मी विचारलं, "आप्पा, त्या रविवारी तुमचं बोट थांबलं होतं. कळलं होतं न्हवं तुम्हाला?"

"व्हय. जरा खाली लागलं बोटाला."

"मग बोलला का नाही?"

त्यांनी मॅन्युअलचं पान नीट मिटलं. "तू इंजिनेर हायस. मला वाटलं नवीन पद्धत आसंल."

मेस्त्री चिंध्या गोळा करत होते, ते थांबले नाहीत. मला काही बोलता आलं नाही. चार वर्षांची फी ज्या हातांनी भरली, त्या हातांना माझ्या डिग्रीपुढे स्वतःच्या बोटावर विश्वास ठेवता आला नव्हता. आणि मी तर वर्कशॉपचा जॉबही विकत घेतलेला.

जीप आता बरी चालते. आप्पांना दुपारी दीडची फेरी मिळालीय, उन्हाची, निम्मी रिकामी. मी पुण्याला परत आलो. घरी गेलो की बॉनेट उघडतो, पाणी बघतो, ऑइलची पट्टी ओढून ऑइल दोन बोटांत चोळतो. मग पट्टी आप्पांच्या पुढे धरतो आणि ते काय म्हणतात ते ऐकेपर्यंत थांबतो.