मॉरिशसचा काळा दगड

गेल्या मे महिन्यात आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, आई आणि आठ वर्षांचा मुलगा, मॉरिशसला जाऊन आलो. खरं सांगायचं तर मला फक्त झोपायचं होतं. प्रोजेक्टची सहा महिन्यांची जागरणं अंगावर होती आणि बडोद्यात ऊन मी म्हणत होतं. तिकडे मात्र आपल्या उन्हाळ्यात थंडीचे दिवस सुरू होतात.

पहिले दोन दिवस समुद्रकाठी नुसतं लोळलो. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे, त्यामुळे आतलं पाणी तळ्यासारखं शांत. वाळू पांढरीशुभ्र, तीही प्रवाळाचीच. पण वाळूतून डोकं वर काढणारे खडक काळेकुट्ट आणि भोकाभोकांचे. "पप्पा, हे जळलेत का?" मुलाने विचारलं. अर्थात गुजरातीत. घरी आम्ही मराठीत बोलतो, तो गुजरातीत उत्तर देतो. आई त्यावरून रोज कुरकुरते.

तिसऱ्या दिवशी त्याला उत्तर दाखवायला क्यूरपीप गावातल्या 'त्रू ओ सेर' विवरापाशी गेलो. गावाच्या मधोमध शांत झालेला ज्वालामुखी! काठावर लोक सकाळचं फिरायला येतात, आत खोल दाट झाडी आणि तळाशी पाणी. वर वारा असा की आईने शाल काढली.

तिथे मुलाला जे सांगितलं ते असं. पृथ्वीच्या पोटात एक शेगडी आहे. ती जवळपास जागची हलत नाही, वरचं कवच मात्र हळूहळू सरकतं. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी त्या शेगडीवर आपला भारत होता. तेव्हा जो लाव्हा वाहिला, त्याचं दख्खनचं पठार झालं, सह्याद्री झाला आणि आपला पावागडही. भारत उत्तरेकडे सरकत गेला. मग त्याच शेगडीवर, 80-90 लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस वर आलं. आज ती शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. बहुतेक भूशास्त्रज्ञ असंच मानतात.

"म्हणजे पावागड या बेटाचा मोठा भाऊ?" अगदी बरोबर.

पुढे गंगा तलाव. हेही ज्वालामुखीच्या विवरातलंच तळं. महाशिवरात्रीला बेटभरातून लोक इथे चालत येतात. काठावर 108 फुटी महादेव उभा आहे. आई थबकली. "अरे, हा तर आपला सूरसागरचा!" आणि खरंच, ही मूर्ती आपल्या सूरसागरातल्या महादेवावरूनच घडवली आहे. आईने दोन्ही हात जोडले, मग मला म्हणाली, "एवढं विमानाचं भाडं भरून घरच्याच देवाला आलो की!"

परतताना उसाच्या शेतांमध्ये काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसले. ज्वालामुखीच्या जमिनीत ऊस लावायचा तर आधी दगड वेचावे लागत. ते काम करारावर आणलेल्या मजुरांनीही केलं. 1834 पासून 1920 पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं पोर्ट लुईच्या बंदरात उतरली. तो आप्रवासी घाट आज जागतिक वारसा आहे. त्यांत रत्नागिरीकडचे, कोकणातलेही होते. काळ्या कातळावरून निघाले आणि काळ्या कातळावरच येऊन राबले.

त्यांच्या वंशजांच्या एका देवळात आम्ही संध्याकाळी गेलो. आरती सुरू होती, आपलीच, आपल्याच चालीत. आईने टाळ्या धरल्या. नंतर एक आजीबाई जवळ आल्या. जपून, शब्द जुळवत म्हणाल्या, "घरी आम्ही क्रिओल बोलतो. मराठी मी शाळेत शिकले. चुकलं तर सांगा." मग मुलाकडे वळून, "बाळ, तुझं नाव काय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "माझं नाव अर्णव. मी बडोद्याला राहतो." जरा अडखळला, पण सगळं मराठीत. बाहेर आल्यावर कारण विचारलं तर म्हणाला, "त्यांना गुजराती येत नाही ना!" आई त्या रात्री कुरकुरली नाही. मला म्हणाली, "आपल्या मराठीत तरी कुठे कमी गुजराती आहे? त्या बाईंनी निदान चूक विचारली."

जाणार असाल तर मे ते सप्टेंबर बरा, जानेवारी ते मार्च वादळांचा काळ. पोर्ट लुईच्या रस्त्यावरची डाळपुरी चुकवू नका. आपल्या पुरणपोळीची तिखट बहीणच ती. आणि एक दिवस किनारा सोडून आतल्या बेटाला द्या.

परत आल्यावर पावागड चढताना मुलाने पायरीशेजारच्या काळ्या कातळावर हात ठेवला आणि विचारलं, "हा त्याच शेगडीवरचा ना?" प्रश्न गुजरातीतच होता. मी मराठीत 'हो' म्हटलं, आणि पुढचा अख्खा चढ आम्ही आपापल्या भाषेत गप्पा मारत चढलो.